तळ्याच्या पोटातले पाच एकर

कवठाळी, ता. उदगीर, जि. लातूर
१४ फेब्रुवारी १९८३

चि. सिद्धेश्वर यास वहिनीचा आशीर्वाद.

जिल्हा लातूर लिहिलंय ते बघून हसू नको. ग्रामपंचायतीचा शिक्का अजून उस्मानाबादचाच हाय, पण नवा जिल्हा होऊन सहा महिने झाले, आपण तरी नवं लिहावं.

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. संक्रांतीपासून मी हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊन राहिले. मलप्पा दुकानदाराची सून हातोडा घेऊन निघाली, तर पहिल्या दिवशी पारावरची माणसं उठून बघायला लागली. बघू दे. औंदा ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. तळ्याकडच्या आपल्या पाच एकरात ओल टिकली म्हणून करडई तेवढी आली. दुकानाचं दार उघडून बसले तर माशीसुद्धा येत न्हाई. अव्वा म्हणाली, जा. सासूच जा म्हणते, मग तुझी माझी लाज कशाला धरू?

आता खरी बात. परवा आम्ही एकशे चौदा बायांनी हातोडे खाली ठेवले. सुरुवात साखराबाईनं केली. मांगवाड्यातली ती, कामावर माझ्या शेजारी बसते. तिनं ओव्हरसियरला इचारलं, "साहेब, ही सडक कुठं जाऊन राहिली?"

"मंजूर हाय तिथवर."

"तिथवर म्हंजी कुठं?"

त्यांना सांगता येईना. आम्हीच चालत जाऊन बघितलं. बापूसाहेब सरपंचाच्या आंबराईच्या फाटकाशी सडक संपते. पुढं ना वाडी ना वस्ती. साखराबाई म्हणाली, "मग आम्ही आंब्याला सडक करून देऊन राहिलो. आमच्या घागरीला काय?"

आम्ही मागितलं की तळं खोदायचं काम द्या. गाळानं भरून आता म्हैस बुडत न्हाई त्यात. ओव्हरसियर म्हणाले, रेकॉर्डला कवठाळीत तळंच न्हाई, तिथं शेतं हायत. मी म्हटलं, मग तळ्यावरचा मारुती काय शेतावर बसलाय?

सिद्धू, आप्पांच्या लोखंडी पेटीत निजामाच्या वेळचा उर्दू नकाशा होता, मेणकापडात गुंडाळलेला. मी लग्न होऊन आले तेव्हा डोळ्यानं बघितलाय. आता पेटीत न्हाई. तीन वर्षांखाली पेटी तूच आवरलीस. तुझ्याकडं आला का बघ. तू तर धरणाच्या कामावर नकाशेच काढतोस, तुला कळंल आम्ही काय करावं ते. लवकर लिही. चंद्रप्रभाला आशीर्वाद.

शिवगंगा


विष्णुपुरी, नांदेड
२१ फेब्रुवारी १९८३

ती. स्व. वहिनींना शरणार्थ.

पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. तुम्ही खडी फोडता? मी इथे सरकारी नोकरीत असताना? दादा गेल्यापासून घर तुम्ही सांभाळलं, मला तुम्ही वाढवलं, ते मी विसरलेलो नाही. पण गावात लोक काय म्हणत असतील? आप्पांच्या नावाची गावात इज्जत आहे. शाळेच्या दोन खोल्या त्यांनी बांधून दिल्या. त्यांच्या सुनेने मोर्चे काढावेत?

अव्वाला घेऊन सरळ इकडे या. क्वार्टर लहान आहे, पण नळ आहे.

तळ्याचं म्हणाल तर मनातून काढून टाका. सगळी जुनी दप्तरं उस्मानाबादहून लातूरला हलवणं चालू आहे. त्यात एका गावच्या तळ्याचा कागद सापडायला वर्षं जातील. आणि तुम्ही बाया टोपल्यांनी गाळ काढून काढून किती काढाल? इथे गोदावरीवर यंत्रं काम करतात, तरी मोजमापात चूक झाली की सगळं थांबतं. हे जाणकारांचं काम आहे.

नकाशा माझ्या पाहण्यात नाही. आप्पांच्या पेटीत वाळवी लागलेले बरेच कागद होते, ते मी तेव्हा टाकून दिले.

बापूसाहेबांशी वैर घेऊ नका. नव्या जिल्ह्यात त्यांचं वजन वाढलं आहे.

सिद्धेश्वर


कवठाळी
९ मार्च १९८३

चि. सिद्धेश्वर,

नळाचं आमंत्रण पोचलं. मी येणार न्हाई. अव्वाही न्हाई म्हणते.

सडकेवर आम्ही परत गेलो न्हाई. तालुक्याच्या कचेरीत सहा दिवस धरणं धरून बसलो. सहाव्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट न्हाई. म्हणाले, "बाई, तळं कुठून कुठवर होतं ते दाखवा. कागद नसंल तर निदान जागा तरी दाखवा."

मग आम्ही जागाच दाखवायचं ठरवलं. गावातले पाच जाणते म्हातारे घेतले. ज्याला जिथं पाणी आठवतं तिथं तो उभा राहिला. रेवणसिद्ध आजोबा म्हणाले, "इथं मी बैल धूत होतो." कुणी म्हणालं, "इथं पोहायला शिकलो." प्रत्येकाच्या पायाशी साखराबाईनं दगड ठेवला. मग सिंधुनं, तिच्या लेकीनं, चऱ्हाट धरलं आन् एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ओढत नेलं.

चऱ्हाट आपल्या करडईत शिरलं.

सिंधु थांबली, माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "थांबलीस काहून? ओढ." चऱ्हाट पाचच्या पाच एकर ओलांडून पलीकडं गेलं. बापूसाहेब बांधावर उभे होते. हसून म्हणाले, "शिवगंगाबाई, तळं तुमच्या घरात निघालं की. आधी तुमचंच खोदा, मग गावाला शिकवा."

घरी येऊन अव्वाला इचारलं. तिनं निवडायचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, तू पाळण्यात होतास त्या वर्षी नवी मोजणी आली. मोजणीदार आठ दिवस आपल्या घरी उतरला. आप्पांनी त्याची बडदास्त ठेवली. नवव्या दिवशी तळ्याचं पोट आपलं शेत झालं. अव्वा म्हणाली, "मी त्याला ताटात शेंगापोळी वाढली आन् गावाचं तळं वाढून टाकलं. मला कळत होतं. मी बोलले न्हाई."

तीस वर्षं ती हे पोटात घेऊन बसली. आन् गाव तीस वर्षं एका आडावर रांग लावून राहिलं.

सिद्धू, एकच इचारते. तुला माहीत होतं का?

शिवगंगा


कवठाळी
२५ मार्च

सिद्धेश्वर,

सोळा दिवस झाले, तुझं उत्तर न्हाई. उत्तर न्हाई हेच उत्तर, असं मी समजते.

करडई काढून झाली. रान मोकळं हाय. येत्या सोमवारी खोदायला सुरू करून राहिलो. सरकारची मंजुरी न्हाई, मजुरी न्हाई, घरटी एक माणूस यायचं ठरलंय. पहिली कुदळ आपल्या शेतात.

सातबाऱ्यावर तुझं एकट्याचं नाव हाय. माझं कधी लागलंच न्हाई. कागदावर माझं काही न्हाई, म्हणून मला अडवायलाही काही न्हाई. बावीस वर्षं त्या रानात माझा घाम पडला, तो मी गावाला दिला. बाकीचं तुझं तू बघ.

शिवगंगा


विष्णुपुरी
४ एप्रिल १९८३

ती. स्व. वहिनी,

तुम्ही हे काय आरंभलं आहे? त्या पाच एकरांवर मी शिकलो, तुम्ही आणि अव्वा जेवता. ते गेलं तर दुकानातल्या रिकाम्या डब्यांवर जगणार आहात? गावाला तळं मिळेल आणि मलप्पाच्या घराला काय, चोर म्हणून नाव? तेही त्यांच्याच सुनेच्या हातून?

मोजणी आप्पांनी केली नाही, सरकारने केली. तीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही. कायद्याने ते शेत आहे.

परवा बापूसाहेब कामासाठी नांदेडला आले होते, आवर्जून घरी आले. चहा घेतला. तुमच्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, बाईमाणूस आहे, लोकांनी भडकवलंय, उद्या तिच्यावरच शेकेल. एक कागद पुढे केला. बाहेरचे लोक माझ्या शेतात शिरून नासधूस करतात एवढंच त्यात आहे. तुमचं नाव कुठेही नाही. मी सही केली. ती तुम्हाला वाचवण्यासाठी केली, एवढं लक्षात घ्या.

काम थांबवा. मी मे महिन्यात रजा काढून येतो, मग बसून बोलू.

सिद्धेश्वर


कवठाळी
१७ एप्रिल १९८३

सिद्धेश्वर,

तुझी सही मी बघितली. फौजदारांनी कागद दाखवला. 'द्धे' अजून तसाच काढतोस, पोटात गाठ मारल्यासारखा. चुलीपुढं राख पसरून मीच तुला ते अक्षर शिकवलं होतं.

फौजदार मंगळवारी सकाळी आले. म्हणाले, "बाहेरचे लोक कोण?" रेवणसिद्ध आजोबा म्हणाले, "साहेब, आम्ही सगळे इथंच जन्मलो. बाहेर गेलेला एकच हाय, आन् त्यानंच हा कागद दिलाय." मग त्यांनी इचारलं, म्होरक्या कोण? साखराबाई पुढं झाली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आम्हा दोघींना जीपमध्ये घातलं. बाकीच्या बाया म्हणाल्या, "आम्हालाही घ्या." जीप निघाली तशा त्या मागं चालत निघाल्या. दहा मैल, एप्रिलचं ऊन, टोपली कुदळ हातात तशीच.

ठाण्यात आम्हाला बाकड्यावर बसवलं. साखराबाई खाली बसायला लागली. मी तिचा हात धरून बाकड्यावर बसवली. दुपारी बाहेर आवाज झाला. फौजदारांनी दारातून बघितलं, आवार बायांनी भरलेलं. एक शिपाई मोजायला लागला आन् मधेच सोडून दिलं. सांजच्याला आम्हाला सोडलं. "काम बंद ठेवा," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, उद्या सकाळी सात वाजता सुरू होतं. बघायला या."

दुसऱ्या दिवशी सातला झालं सुरू.

तुला वाटतं आम्ही उपाशी मरून राहिलो. ऐक. ज्याच्या घरी जे हाय ते शाळेच्या पडवीत आणून टाकतो. कुणाकडं पसाभर डाळ, कुणाकडं नुसत्या वाळल्या मिरच्या. दुकानातलं उरलेलं मीठ, तेल मी नेऊन दिलं. एकच चूल, एकच भांडं. पहिल्या दिवशी साखराबाईनं कालवण ढवळलं तेव्हा अर्धी पंगत आढेवेढे घ्यायला लागली. अव्वा काठी टेकत आली. सत्तर वर्षांत तिनं दुसऱ्याच्या चुलीचं खाल्लं न्हाई, तुला माहीत हाय. बसली आन् म्हणाली, "साखरा, मला वाढ. रोज लिंगापुढं हात जोडते, आज तुझ्यापुढं हात पसरते." खाल्लं. मग कोण मागं राहतं?

नेमही केलेत. तळ्याला पाणी आलं की त्यावर कुणीही पाणी उपसायचं इंजन बसवायचं न्हाई. आधी प्यायला, मग जनावराला, मग उरलं तर भाजीपाल्याला, आन् ते माणशी सारखं. ज्याला रान न्हाई त्यालाही त्याचा वाटा. बापूसाहेबांना खुपतं ते हेच.

तू मला वाचवायला सही केलीस म्हणतोस. मला कुणापासून वाचवलंस, ते एकदा नीट इचार कर.

शिवगंगा


विष्णुपुरी
२ मे १९८३

वहिनी,

'ती. स्व.' असा मोठा मायना लिहिण्याचा मला आज हक्क नाही.

नकाशा माझ्याकडे होता. तीन वर्षांपूर्वी पेटी आवरताना मिळाला. उर्दू मला येत नाही, पण रेषा वाचता येतात, पोटासाठी तेच करतो. आपल्या पाच एकरांवर निळी शाई बघितली आणि गुंडाळून कपाटात वर ठेवून दिला. तेव्हापासून मला माहीत होतं.

तुमचं पत्र चंद्रप्रभाने मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या बाया दहा मैल चालल्या. तुम्हाला कपाटापर्यंत चालवेना?"

मी नकाशा काढला आणि इथल्या ज्ञानोबा मास्तरांकडे गेलो. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकलेले. भिंग लावून वाचत गेले. "तालाब, मौजा कवठाळी." मग बोट आपल्या शेतावरून पुढे सरकलं. निळी शाई तिथे संपतच नव्हती. मास्तर म्हणाले, "ह्याच्या पुढचं सात एकर कुणाचं?" वहिनी, ती बापूसाहेबांची आंबराई आहे. तीही तळ्यातच आहे. तुमच्या म्हाताऱ्यांना तिथे दगड ठेवायला कुणी जाऊ दिलं नसणार.

मग मला त्यांचा तो चहा आठवला. उठताना सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, "तो जुना नकाशा वाळवीनं खाल्ला ना रे?" मी हो म्हणालो. तुमच्या काळजीने ते आले असं मी समजलो. ते आंबराईसाठी आले होते, आणि मी त्यांना सही दिली.

गेल्या गुरुवारी एसटीने लातूरला गेलो. कलेक्टर कचेरीत अजून खोल्यांना पाट्याही लागलेल्या नाहीत. व्हरांड्यात दप्तरांचे गठ्ठे. एका कारकुनाने मला वेड्यात काढलं. म्हणाला, "लोक इथे जमीन नावावर करायला येतात, तुम्ही सोडायला आलात?" मी म्हटलं, हो. पाच एकरांचा राजीनामा लिहून दिला, म्हणजे ती जमीन मी सरकारात सोडली, गावच्या तळ्यासाठी. नकाशा दाखल केला, पोच घेतली. फौजदारांकडची तक्रार मागे घेतल्याचा कागद सोबत आहे. आंबराईची गोष्ट अर्जात वेगळी लिहिली आहे. माझ्या नावानिशी.

बापूसाहेब माझ्या बदलीची भाषा बोलतात असं ऐकतो. बोलू द्या.

एक कबूल करायचं राहतं. सातबाऱ्यावर तुमचं नाव लावायचं राहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. राहून गेलं नव्हतं. मी लावलं नव्हतं.

अव्वाला सांगा, मी आप्पांच्या नावाला बट्टा लावला असं तिला वाटलं तर तिने मला बोलावून सांगावं. मी येऊन ऐकेन.

तुमचा
सिद्धू


कवठाळी
११ जून १९८३

चि. सिद्धू आन् चि. सौ. चंद्रप्रभा यांना आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी लिहिणार होते, पण हाताला फोड, आन् मनातही काही काही. सहीचा राग गेला. नावाचा राग अजून हाय. तो माझा मला ठेवू दे, आपोआप जाईल तेव्हा जाईल. अव्वाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आप्पांना जे करता आलं न्हाई ते लेकानं केलं, बट्टा कसला?"

मंजुरी अठरा मेला आली. सडकेचं काम रद्द झालं, त्याच माणसांना तळ्यावर घेतलं. तेच ओव्हरसियर आता टेप घेऊन आमच्या दगडांवरून मोजमाप घेऊन राहिले. म्हणाले, आंबराईची बाजू सोडली तर म्हाताऱ्यांचे दगड नकाशापेक्षा चार हातच इकडं तिकडं हायत.

आंबराईवर बापूसाहेबांनी कोर्टातून मनाई आणलीय. आम्ही फाटकापर्यंत खोदलं. त्यांचं कुंपण आता दोन पुरुष उंच कडेवर उभं हाय. ते वरून बघतात, आम्ही खालून बघतो. तारीख पडंल तेव्हा सगळं गाव कोर्टात जाणार हाय, भाकऱ्या बांधून. ज्ञानोबा मास्तरांना साक्षीला आणायची जिम्मेदारी तुझी.

तळ्याची पंचमंडळी निवडली. साखराबाईला सगळ्यांनी अध्यक्ष केलं. सहा बाया, त्यात सिंधुही, आन् पाच पुरुष. बापूसाहेबांच्या भावकीतलासुद्धा एक त्यात हाय, आपणहून आला.

आता गंमत ऐक. परवा मी पंचांपुढं अर्ज घेऊन गेले. म्हटलं, आपल्या जुन्या रानाच्या कडेला अर्ध्या एकराची पट्टी हाय, तिथं खोल खोदायचं न्हाई असं ओव्हरसियर म्हणतात. अव्वाच्या गाईला वैरण काढायला ती मला द्या. आमचं पाच एकर गेलं, तेवढं तर मिळावं. मला वाटलं, मान डोलावतील, चहा होईल.

साखराबाईनं अर्ज ऐकून घेतला. म्हणाली, "शिवगंगाक्का, ती पट्टी कुणाची?"

मी म्हटलं, "तळ्याची."

"मग गाई गावात किती?"

मी म्हटलं, "चाळीसेक असतील."

"तर वैरण चाळीस गाईंची. तुझी त्यातली एक."

अकराच्या अकरा हात तिच्या बाजूनं वर गेले. सिंधुचा सगळ्यात आधी.

मी तावातावानं घरी आले. लई राग आला होता. दुकानाची पायरी झाडत बसले, झाडलेलीच परत झाडली. साखराला बाकड्यावर मीच बसवली, आन् ती मलाच न्हाई म्हणते! अव्वानं इचारलं, काय झालं? सांगितलं. ती म्हातारी हसायला लागली, थांबेचना. म्हणाली, "त्या मोजणीदारापुढं असं म्हणणारं एक माणूस गावात असतं तर?"

मग मलाही हसू आलं. झाडू ठेवला आन् उद्याच्या कामाची उसवलेली टोपली शिवायला घेतली.

आभाळ अजून कोरडंच हाय. तळं तयार हाय.

तुझी वहिनी
शिवगंगा